वऱ्हाडाएवढा जिल्हा, गोंदियाएवढी माणसे

लडाखच्या शाम भागातील एका खेड्यात शिकवणारे एक गुरुजी या जानेवारीत विदर्भ पाहायला आले होते. काही वर्षांपूर्वी मी लडाखला गेलो असताना त्यांच्याच घरी उतरलो होतो आणि तेव्हापासून त्यांना इकडे येण्याचा आग्रह चालला होता. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात भूगोल शिकवतो, ते समाजशास्त्र शिकवतात. त्यामुळे नुसते पाहून आमचे समाधान होत नाही. दोन मुलखांची उंची, पाऊस, क्षेत्रफळ आणि माणसे शेजारी शेजारी मांडून पाहण्याची खोड दोघांनाही आहे. शहरे आणि तीर्थे शक्यतो वगळून खेड्यांतून फिरायचे, एवढेच आम्ही आधी ठरवले होते.

पहिला दिवस : नागपूरहून गोंदियाकडे

लेहहून विमानाने दिल्ली आणि तेथून रेल्वेने नागपूर असा त्यांचा प्रवास विनासायास झाला. हिवाळ्यात झोजी-ला आणि मनालीकडचा रस्ता बर्फामुळे भरवशाचा राहत नाही, तेव्हा बाहेर पडायला विमान हाच खरा मार्ग उरतो. नागपुरात थांबायचे नव्हते, तरी दीक्षाभूमीवर जाण्याची त्यांची इच्छा होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह जेथे धम्मदीक्षा घेतली, त्या जागी गुरुजी बराच वेळ बसून राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी तर्री-पोहे मागवले आणि पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आले तरी बशी पुरी संपवली.

भंडाऱ्याच्या पुढे त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलून दाखवली : येथे गाव संपल्याचे कळतच नाही. एका गावाचे शेवटचे घर मागे पडते न पडते तोच पुढच्या गावाच्या पाण्याच्या टाक्या दिसू लागतात. त्यांच्याकडे एका गावातून निघाल्यावर दुसरे गाव येईपर्यंत नुसता उघडा डोंगर असतो आणि मध्ये एखादे हिरवे झाड दिसले तर तेथे पाणी आहे असे समजायचे.

रात्री गोंदियाजवळच्या एका खेड्यात माझ्या मावसभावाकडे मुक्काम केला. येथे पहिला धक्का बसला तो मला. उणे वीस अंशांत राहणारा माणूस दहा-अकरा अंशांत काय कुडकुडणार, असे आम्ही गृहीत धरले होते. पण मध्यरात्री गुरुजींनी दुसरी गोधडी मागून घेतली. सकाळी त्यांनी कारण सांगितले ते पटण्यासारखे होते. त्यांच्याकडे हिवाळ्यात सगळे कुटुंब एका स्वयंपाकघरात राहते, भिंती जाड मातीच्या असतात, मोठ्या खिडक्या दक्षिणेला ठेवतात आणि मधोमध बुखारी, म्हणजे धुराड्याची शेगडी, पेटलेली असते. आमची घरे मात्र एप्रिल-मे डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली आहेत : उंच छत, समोरासमोर खिडक्या, कौलांखालून खेळती हवा. थंडी आत येऊ नये यासाठी त्यांत कसलीच तजवीज नाही.

दुसरा दिवस : परसवाडा आणि नवेगावबांध

पहाटे परसवाड्याच्या तलावावर गेलो. महाराष्ट्रात सारस क्रौंच आता केवळ पूर्व विदर्भातच, आणि त्यातही मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात उरला आहे. संख्या मोजकीच, त्यामुळे दिसेलच याची खात्री कोणी देत नाही. आम्हाला एक जोडी दिसली, तीही कापणी झालेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, धुक्यातून पाय उचलत सावकाश चालणारी. गुरुजी दुर्बीण खाली ठेवायला तयार नव्हते. लडाखचा राज्यपक्षी काळ्या मानेचा क्रौंच असून तो उन्हाळ्यात चांगथांगच्या पाणथळ पठारावर घरटे करतो आणि थंडी सुरू होताच निघून जातो. सारस मात्र वर्षभर येथेच राहतो. "आमचा क्रौंच पाहुणा आहे, तुमचा घरचा आहे," असे ते म्हणाले. तलावाच्या पाळीवर भेटलेल्या एका ढिवर आजोबांनी आम्हाला हटकले, "पाहुणे कुठले जी?" लेह म्हटल्यावर त्यांना काही बोध झाला नाही. जेथून हे थंडीतले बदक येतात तिकडचे, असे सांगितल्यावर मात्र ते एकदम मोकळे झाले आणि जाळ्यातले मासे पाहुण्यांना देऊ लागले.

ते उत्तर आम्ही गमतीने दिले होते, पण दुपारी ते खरे ठरले. नवेगावबांधच्या तलावाच्या पलीकडच्या काठावर पट्टकादंबांचा थवा बसला होता. राखी अंग, पांढरे डोके आणि डोक्याच्या मागे दोन काळे पट्टे असलेला हा हंस त्सो मोरीरी, त्सो कार यांसारख्या लडाखी सरोवरांकाठी आणि तिबेटच्या पठारावर अंडी घालतो आणि हिमालय ओलांडून हिवाळा काढायला आपल्याकडे येतो. तांबूस रंगाचे चक्रवाकही त्यांच्यात मिसळले होते. गुरुजींच्या गावाजवळच्या सिंधूच्या पात्रात चक्रवाक उन्हाळ्यात दिसतात. एकाच पक्ष्याला हे दोन्ही मुलूख मिळून एक वर्ष होते.

नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीस कोहळी समाजाच्या कोलू पाटलांनी बांधला असे सांगतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत असे जुने तलाव हजारांनी आहेत. सरकारी कागदांत त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, लोक 'मामा तलाव' म्हणतात. गोंदियाला वर्षाकाठी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मग एवढे तलाव कशासाठी, हा गुरुजींचा प्रश्न रास्त होता. हा सारा पाऊस जून ते सप्टेंबरात, त्यातही मोजक्या दिवसांत कोसळतो, आणि धान तर मध्येच पंधरा दिवस उघडीप पडली तरी करपते. म्हणून पडलेले पाणी अडवून ते नेमक्या वेळी बांधीत सोडावे लागते. हे ऐकल्यावर ते हसले. लेहमध्ये वर्षभरात शंभर मिलिमीटरच्या आसपासच पाणी पडते, गोंदियात जुलैच्या एका दमदार दिवसात तेवढे पडून जाते. पण त्यांचीही अडचण वेळेचीच आहे. पेरणी एप्रिल-मेमध्ये करायची आणि हिमनद्यांचे पाणी भरपूर वाहू लागते ते जून-जुलैत. म्हणून लडाखचे अभियंते चेवांग नोर्फेल यांनी ओढ्यांचे हिवाळी पाणी गावाच्या वर सावलीत गोठवून ठेवण्याचे बांध घातले आणि पुढे सोनम वांगचुक यांनी तेच पाणी नळाने उंच उडवून शंकूच्या आकाराचे बर्फाचे स्तूप उभारले, जे उन्हाळा लागताना हळूहळू वितळत शेताला पाणी देतात. आमचा साठा पाण्याचा, त्यांचा बर्फाचा, एवढाच फरक.

रात्री जेवणात तलावातल्या माशांचा रस्सा, लाखोळीच्या डाळीचे वरण आणि भात होता. लडाखी घरात भात आता रोजचा झाला आहे, पण तो सगळा बाहेरून येतो. तेथे पिकते ते जव आणि थोडा गहू. ज्या बांधीत धान पिकले तिच्याच काठावर बसून तो खाण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

जाणाऱ्यांसाठी : सारस पाहायचा असेल तर सूर्योदयापूर्वी पोहोचावे, स्थानिक सारस-मित्रांना सोबत घ्यावे आणि बांधीत उतरू नये, कारण घरट्यांचे व जोड्यांचे रक्षण शेतकऱ्यांच्या राजीखुशीवर चालते. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा आठवड्यातील बंद दिवस आधी विचारून घ्यावा. सकाळी स्वेटर आणि दुपारी सुती शर्ट, दोन्ही जवळ असू द्यावे.

तिसरा दिवस : गोठणगाव

अर्जुनी मोरगाव तालुक्यात इटियाडोह धरणाच्या बाजूला गोठणगाव येथे तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती वसली. विदर्भातल्या विदर्भात अनेकांना तिची माहिती नसते. साग आणि मोहाच्या जंगलात अचानक प्रार्थनेच्या पताका आणि गोंपाचे सोनेरी छप्पर दिसले की क्षणभर कुठे आहोत याचा पत्ता लागत नाही.

वसाहत निम्मी रिकामी होती. हिवाळ्यात येथील बरीच माणसे शहराशहरांत स्वेटर विकायला गेलेली असतात आणि थंडी ओसरली की परततात. घरी असलेल्या एका आजींनी आम्हाला लोण्या-मिठाचा चहा दिला. त्यांची तिबेटी आणि गुरुजींची लडाखी एकमेकींना पुरती कळत नव्हती, तेव्हा गाडी हिंदीवर आली आणि आजींची हिंदी अस्सल झाडीपट्टीतली निघाली, वाक्यागणिक 'जी' लावणारी. नव्या वर्षाची गोष्ट निघाली. तिबेटी लोसर फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, लडाखी लोसर डिसेंबरातच होऊन जातो. गुरुजी आपला सण करून आले होते आणि आजींच्या घरी तयारी अजून व्हायची होती. सुरुवातीच्या वर्षांत पठारावरून आलेल्या माणसांना येथील उन्हाळा कसा सोसवला, असे मी विचारले. "सोसला नाही जी, मुलांनी सोसला," एवढेच त्या म्हणाल्या. पहिल्या पिढीला उष्णतेचा फार त्रास झाला आणि येथेच जन्मलेल्यांना आता थंडी सहन होत नाही, असे त्यांच्या बोलण्यातून कळले.

या उष्णतेमागे थोडे गणित आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या थोडे वर, लेह साडेतीन हजार मीटरवर. दर हजार मीटर चढताना तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे केवळ उंचीमुळेच दोहोंत वीस-एकवीस अंशांचा फरक पडतो. शिवाय लेह ३४ अक्षांशावर आहे, नागपूर २१ वर. मात्र दोन्ही प्रदेश समुद्रापासून लांब असल्याने चढउतार दोन्हीकडे सारखाच तीव्र. नागपुरात डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंश आणि मे २०१३ मध्ये ४७.९ अंश नोंदले गेले, म्हणजे चव्वेचाळीस अंशांचे अंतर. लेहमध्ये पारा उणे वीसच्या खालून तिशीच्या पुढे जातो, म्हणजे पन्नासाच्या आसपास. तोच झोका, फक्त वीस-पंचवीस अंश खाली बांधलेला.

चौथा दिवस : धानातून कापसात

हा दिवस रस्त्यातच गेला. वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड करत पश्चिमेला येताना वैनगंगेचा धानाचा मुलूख मागे पडला, उन्हाळी धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीसाठी वाढवलेली रोपे, दिसेनासे झाले आणि माती काळी होऊ लागली. पावसाचे वारे बंगालच्या उपसागराकडून आधी पूर्व विदर्भात शिरतात, तर अरबी समुद्राकडचे सह्याद्रीवर आपला बराच भार टाकूनच इकडे पोहोचतात. म्हणून गोंदिया-गडचिरोलीत तेराशे-चौदाशे मिलिमीटर पाऊस आणि बुलढाण्यात सातशे-आठशे. दुपारी तीस अंशांच्या आसपास ऊन होते. आम्ही ज्याला गुलाबी थंडी म्हणतो तिच्यात गुरुजी झाड पाहून गाडी थांबवायला सांगत होते.

पाचवा दिवस : दारव्हा तालुका

घरी पोहोचलो तेव्हा तूर सोंगून तिच्या गंज्या लागल्या होत्या आणि पऱ्हाटीत फरदडीची, म्हणजे मुख्य हंगामानंतर येणाऱ्या कापसाची, वेचणी सुरू होती. गुरुजींनी कमरेला ओटी बांधून कापूस वेचून पाहिला. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटे ओरबाडली गेली, तासाभरात जेमतेम मूठ-दोन मुठी जमल्या आणि शेजारच्या ओळीतील बाया हसून हसून बेजार झाल्या. त्यातल्या एका म्हातारीने विचारले, "येवढ्या बर्फात गुरंढोरं कुठं बांधता बाप्पा?" घराच्या खालच्या मजल्यावर बांधतो, म्हणजे त्यांची ऊब वर येते आणि चारा गच्चीवर रचून ठेवतो, हे उत्तर मी मराठीत सांगितले. म्हातारीने मान डोलावली, "म्हंजे घर गोठ्यावर बांधता." गुरुजींनी हे वाक्य वहीत लिहून घेतले.

दुपारी जेवायला रोडगे, वांग्याची भाजी आणि तुरीच्या सोल्यांची आमटी. मग शाळेत नेले. शाळा जूनच्या शेवटी का उघडते, उर्वरित महाराष्ट्रापेक्षा दहा-पंधरा दिवस उशिरा का, हे मुलांनीच त्यांना सांगितले. त्यांच्याकडे शाळा डिसेंबर ते फेब्रुवारी बंद का असते, हे त्यांनी मुलांना सांगितले. आठवीच्या एका मुलीने विचारले की लडाख मोठे की विदर्भ. संध्याकाळी ओसरीवर बसून आम्ही ते नीट मांडले.

विदर्भाचे क्षेत्रफळ सुमारे ९७ हजार चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २ कोटी ३० लाख. लडाखचे क्षेत्रफळ ५९ हजार १४६ चौरस किलोमीटर, लोकसंख्या २ लाख ७४ हजार. त्या जनगणनेच्या वेळी लडाखात लेह आणि कारगिल असे दोनच जिल्हे होते. एकट्या लेह जिल्ह्याचे क्षेत्रफळ ४५ हजार ११० चौरस किलोमीटर, म्हणजे अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाणा आणि यवतमाळ हे पाचही जिल्हे एकत्र केल्यावर होते जवळजवळ तेवढे. वऱ्हाडच्या या पाच जिल्ह्यांत १ कोटी १२ लाख माणसे होती. लेह जिल्ह्यात १ लाख ३३ हजार, म्हणजे आम्ही दोन दिवसांपूर्वी मागे टाकलेल्या एकट्या गोंदिया शहराएवढी. चौरस किलोमीटरला लेहमध्ये तीन माणसे. विदर्भात सर्वांत विरळ असलेल्या गडचिरोलीतही ७४. लेहच्या प्रमाणात माणसे वाटली तर साऱ्या विदर्भात तीन लाखही भरत नाहीत, अमरावती शहराच्या निम्म्याहून कमी.

गुरुजींनी येथे दोन दुरुस्त्या केल्या आणि त्या मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की लेहच्या त्या आकड्यात बाहेरची माणसे बरीच आहेत. हजार पुरुषांमागे ६९० स्त्रिया हे प्रमाण पाहूनच ते ध्यानात येते : बर्फाळ भागांची गणना २०१० च्या सप्टेंबरातच उरकली होती आणि त्या हंगामात रस्त्यांवर मजूर असतात, जवान तर वर्षभर असतात. दुसरी दुरुस्ती अधिक खोल होती. माणसे डोंगरावर राहत नाहीत, पाणी पोहोचते तेथे राहतात. लेह जिल्ह्यात पेरणीखालची जमीन सुमारे दहा हजार हेक्टर, म्हणजे शंभर चौरस किलोमीटर. साऱ्या क्षेत्रफळाच्या एक टक्काही नाही. त्या जमिनीवर माणसे मोजली तर चौरस किलोमीटरला तेराशेच्या पुढे जातात. विदर्भात निम्म्याच्या आसपास जमीन पेरणीखाली आहे, तेव्हा आमचा आकडा याच हिशेबाने साडेचारशेच्या आसपास राहतो. लडाख रिकामे आहे असे पर्यटक म्हणतात तेव्हा ते गाडीच्या काचेतून दिसणारा डोंगर मोजत असतात, शेत मोजत नाहीत. मी इतकी वर्षे मुलांना घनतेचे सूत्र शिकवत आलो, पण भागाकारात कोणती जमीन घ्यायची हा प्रश्न फळ्यावर कधी मांडला गेला नव्हता. या वर्षी मांडणार आहे.

सहावा दिवस : चिखलदरा

परतवाड्यावरून घाट चढून चिखलदऱ्याला गेलो. विदर्भातील हे एकच थंड हवेचे ठिकाण, अकराशे मीटरच्या आसपास उंचीवर. जवळचे वैराट सुमारे ११८० मीटर, विदर्भाचा माथा. लेहची उंची त्याच्या तिप्पट. गुरुजींना दम लागणे शक्यच नव्हते; उलट इतकी दाट हवा मिळते म्हणून भूक जास्त लागते, असे ते म्हणाले आणि खव्याच्या दुकानाकडे वळले. मेळघाटातील कोरकू पाड्यांतून हिंडताना त्यांनी घरांच्या ओळी, मातीने सारवलेल्या भिंती आणि दारापुढचे स्वच्छ अंगण बराच वेळ पाहिले. मला येथील कॉफीची झाडे दाखवायची होती, त्यांना त्यात फारसा रस दिसला नाही.

संध्याकाळी बडनेऱ्याहून त्यांची गाडी होती. सोबत त्यांनी तुरीची डाळ, जवसाची चटणी आणि सरकीसकट थोडा कापूस घेतला. कापूस वर्गात दाखवण्यासाठी. आमच्याकडे त्यांनी आणलेले सुके जर्दाळू आठवडाभरही टिकले नाहीत.

वऱ्हाडातून लडाखला जाणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर हा काळ धरावा आणि विमानाने गेल्यास पहिले दोन दिवस लेहमध्ये निव्वळ पडून राहावे. समुद्रसपाटीच्या मानाने तेथे प्राणवायू दोन तृतीयांशच मिळतो आणि तरुण, धडधाकट माणसालाही तो कमी पडतो. ऑगस्टात आकाशाकडे लक्ष असावे, २०१० च्या ऑगस्टातील ढगफुटीत लेहमध्ये दोनशेहून अधिक माणसे गेली, कारण तेथील मातीची घरे पावसासाठी बांधलेलीच नाहीत. उलट तिकडून कोणाला विदर्भात बोलवायचे तर नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. होळीनंतर बोलावू नये. बोलावलेच तर कुलर दुरुस्त करून आणि वाळ्याची ताटी दाराला लावून मगच तिकीट काढायला सांगावे.